सफरचंदाचा तिसरा दिवस

“श्वास घेऊ नका आता,” बायको म्हणाली.

“श्वासाला कसलं वजन?”

“मग दांडी का हलतेय? गप उभे राहा जरा.”

काटेवाले गप उभे राहिले. अंगात बनियन आणि पायजमा, पाय अनवाणी, चष्मासुद्धा काढून ओट्यावर ठेवलेला. कारण चष्मा तीस ग्रॅम भरतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि फुकटचे तीस ग्रॅम त्यांना नको होते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डबे एकावर एक रचून त्या जुन्या लोखंडी काट्याला जागा करून दिली होती. गोदामात पोती मोजतात तसला काटा: खाली चौकोनी पत्रा, मागे खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर पुढंमागं सरकणारं वजन. बायकोनं ते वजन बोटाच्या टोकानं एक खाच पुढं ढकललं. दांडी वर गेली, खाली आली, पुन्हा थोडी वर गेली आणि मधोमध तरंगत राहिली.

“पन्नास,” ती म्हणाली. मग कुणी ऐकलं तर काढून घेईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, “अहो, पन्नास.”

“वजन खाचेत नीट बसलंय?”

“बसलंय.”

“दांडी वर कुठं टेकत नाही ना?”

“नाही टेकत! तुम्हीच शिकवलंय ना मला?”

“मग परत शून्यावर ने. परत कर.”

आनंदानं उड्या मारायच्या सोडून ती परत शून्यावर गेली, कारण या घरात कुठलीही गोष्ट तीनदा मोजल्याशिवाय खरी धरत नसत. तिन्ही वेळा पन्नास भरले. मग काटेवाले पत्र्यावरून खाली उतरले, चष्मा घातला, वाकून स्वतः आकडा वाचला आणि त्यानंतरच हसले.

त्यांना आसपासचे सगळे काटेवाले म्हणूनच ओळखत. तीस वर्षं त्यांनी लोकांचे काटे दुरुस्त केले होते: किराणावाल्यांचे, गोदामांचे, टपाल कचेरीचे, औषधांच्या दुकानातले काचेच्या पेटीत बसणारे नाजूक. खांद्याला हत्यारांची पिशवी आणि हातात पितळी वजनांची पेटी, असे ते रस्त्यानं जाताना दिसले की एखादा दुकानदार उगाचच आपल्या काट्याकडे नजर टाकी. एकदा एका किराणावाल्यानं त्यांना बाजूला घेऊन म्हटलं होतं, “पन्नास ग्रॅम माझ्या बाजूला झुकवा की. कुणाच्या बापाला कळतंय?” काटेवाल्यांनी “मला कळतंय,” म्हणून पिशवी उचलली आणि चालते झाले. दोन वर्षं तो किराणावाला त्यांच्याशी बोलला नाही. मग दुसऱ्या कुणीतरी त्याच्या काट्याची पार वाट लावली आणि तो निमूट परत आला. काटेवाल्यांनी काटाही बरोबर करून दिला आणि वर एक टोमणा मारला.

अशा माणसाला गेल्या वर्षी पोटानं दगा दिला. आतड्याचा एक तुकडा कापून काढावा लागला, आणि उरलेल्यात एक जागा अशी आवळली की घास पुढं सरकताना जीव नकोसा व्हावा. ती जागा मोकळी करायला दुसरं ऑपरेशन हवं होतं, त्याला पर्याय नव्हता. पण पहिल्या ऑपरेशनातून ते घरी आले ते चव्वेचाळीस किलोंचे होऊन. डॉक्टरबाईंनी साफच सांगितलं होतं, “काका, पन्नास होऊन या. त्याच्या आत मी हात लावणार नाही. भूलच झेपायची नाही तुम्हाला.” म्हणजे सहा किलो. आयुष्यभर क्विंटलांचे काटे जुळवणाऱ्या माणसाचं घोडं सहा किलोंवर येऊन अडलं.

हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाईंनी निघताना एक छापील कागद हातात ठेवला होता. वर मथळा होता, ‘पचनाच्या तक्रारी असणाऱ्यांसाठी न्याहारीच्या बारा कल्पना’, आणि कोपऱ्यात वाटी-चमचा हातात घेतलेल्या एका हसऱ्या माणसाचं चित्र.

“हा कशाला हसतोय?” काटेवाले म्हणाले होते. “याला वाटीत काय आहे ते सांगितलेलं दिसत नाही.”

पहिली कल्पना होती मऊ भात. दुसरी होती त्याच भाताचं पाणी. पुढं रव्याची पातळ लापशी, गाळलेले ओट्स, कुस्करलेला बटाटा, कडा कापून टाकलेला पाव, आणि असंच सगळं पांढरं, मऊ, चव विसरून आलेलं. बायको स्वयंपाकाला तिखट हाताची. तिच्या हातून मिरपुडीची डबी महिन्याला रिकामी व्हायची. तिनं तो कागद दोनदा वाचला, पाठ फिरवून मिरपुडीची डबी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आणि फ्रिजवर कागद चिकटवला. तेव्हापासून त्या घरात तळणीचा आवाज झाला नव्हता. काटेवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला सांगून पाहिलं होतं की तू आपलं वेगळं करून खा. त्यावर ती म्हणाली, “तुमच्यासमोर बसून मी कुरकुरीत खाऊ? घशाखाली उतरेल का माझ्या?” मग दोघंही एकाच पातेल्यातलं खाऊ लागले. आठ महिन्यांत तिच्या घड्याळाचा पट्टा आधी एक भोक आत गेला, मग दोन, आणि नंतर काटेवाल्यांनीच त्याला खिळ्यानं एक नवीन भोक पाडून दिलं.

पथ्याचा नियमही कागदावर होता आणि तो मात्र काटेवाल्यांना मनापासून पटला. एक नवीन पदार्थ तीन दिवस. त्या तीन दिवसांत दुसरं काही नवीन नाही. तिसऱ्या दिवशी निकाल: पोट गप्प राहिलं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. आणि फुली पडली की पोट सावरेपर्यंत पुढचं काही नवीन नाही, मग त्यात महिना का जाईना.

“आमच्यातही असंच,” ते बायकोला म्हणाले. “एका वेळी एकच वजन ठेवायचं. दोन एकदम ठेवली की चूक कुणाची ते कळत नाही.”

तिनं एक जुनी वही काढली, सुतळीनं तिला पेन्सिल बांधली, आणि रोज सकाळी न्याहारी झाली की ती वहीत लिही. पहिले काही महिने त्या वहीत नुसता रडवा कारभार होता. चव्वेचाळीस, साडेचव्वेचाळीस, एकदाचे पंचेचाळीस. मग ओट्सनी घात केला आणि परत चव्वेचाळीस. दोन पदार्थांना बरोबरची खूण मिळाली की एकाला फुली. काटेवाले एकदा खिडकीपाशी बसून राहिले होते आणि तिला म्हणाले होते, “सोड नाद. मी काही भरत नाही.” दुसऱ्या दिवशी तिनं बटाटा चाळणीतून दोनदा गाळून त्यांच्यापुढं ठेवला होता.

आणि मग गेल्या तीन आठवड्यांत काट्याला काय झालं कुणास ठाऊक, तो चढायलाच लागला. सेहेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीसच्या वर. बायकोचं म्हणणं पडलं की ही केळ्याची करामत; काटेवाले अंड्याच्या पांढऱ्याला श्रेय द्यायच्या बाजूनं होते, आणि यावरून दोघांचं एका सकाळी चांगलं भांडणही झालं. चपलेचा पट्टा पायाला दाटायला लागला तेव्हा ती म्हणाली, “बघा, पाय भरले,” आणि तिनं बक्कल एक घर सैल केलं. संध्याकाळी मोजे काढले की नडगीवर त्यांचे वळ उमटलेले असत, आणि काटेवाले त्यांच्याकडे कौतुकानं बघत बसत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी चेहरा गरगरीत झाल्याची पावती दिली. परगावी असलेली मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, आवाजसुद्धा जाड झालाय तुमचा.” काटेवाल्यांनी सगळ्यांचं खरं मानलं, कारण सगळ्यांच्या आधी काट्यानं तेच सांगितलं होतं.

आज त्या पन्नासच्या सकाळी अकरावी कल्पना चालू होती: साल काढून, उकडून, कुस्करलेलं सफरचंद. दुसरा दिवस. ते सहा चमचे सावकाश खात होते. पाचव्या चमच्याला डाव्या बरगडीखाली नेहमीच्या जागी नेहमीसारखी कळ आली, आणि थोड्या वेळानं गेली.

“दुखलं ना?” बायकोची पेन्सिल थांबली.

“थोडं. लिही, थोडं म्हणून.”

तिनं तसं लिहिलं. दुखलं तर दुखलं म्हणून लिहायचं, यावर त्यांचा कटाक्ष असे. काट्यानं खोटं बोलायचं नाही आणि वहीनंही नाही.

“उद्या तिसरा दिवस झाला की काय ती खूण करू,” ती म्हणाली. मग पेन्सिल ठेवून तिनं त्यांचा जुना खेळ सुरू केला. “ऑपरेशन झालं, सगळं मोकळं झालं, तर पहिली न्याहारी काय?”

“दोन अंडी. तळलेली. कडा तपकिरी, कुरकुरीत.”

“आणि?”

“कांदा. लाल होईस्तोवर परतलेला. कडक भाजलेला पाव. वरून मिरपूड.”

“किती?”

“तुझ्या हातची. म्हणजे शिंक येईस्तोवर.”

ती हसली. आठ महिन्यांत इतकी मोकळी हसली नव्हती. तासाभरानं दोघं हॉस्पिटलला निघाले तेव्हा काटेवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

हॉस्पिटलच्या बोळात एक आकडे दाखवणारं वजनाचं यंत्र होतं. नर्सनं त्यांना वर उभं केलं. पन्नास पूर्णांक एक.

“शंभर ग्रॅम जास्त दाखवतंय,” काटेवाले तिला म्हणाले. “रिकामं असताना शून्य येतंय का ते बघा एकदा. मी पन्नास आहे. नेमका.”

नर्स हसून म्हणाली, “काका, लोक कमी दाखवतंय म्हणून भांडतात.”

आत डॉक्टरबाईंनी नर्सनं लिहिलेला आकडा वाचला. बायको खुर्चीच्या कडेवर बसली होती, बक्षीस मिळणार असलेल्या मुलीसारखी. पण डॉक्टरबाईंचा चेहरा खुलला नाही. त्या टेबलामागून उठून आल्या, त्यांनी काटेवाल्यांना बाकावर झोपायला सांगितलं, पोटावर बोटं ठेवून एका बाजूनं टिचकी मारून ऐकलं, मग दुसऱ्या बाजूनं. नंतर पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला.

अंगठा काढला तेव्हा तिथं खड्डा पडला होता.

काटेवाले मान उचलून त्या खड्ड्याकडे बघत राहिले. तो भरून येईना. ओल्या मातीत कुणाचं बोट रुतावं तसा तो होता, आणि ते मनातल्या मनात आकडे मोजत होते. दहापर्यंत आले तरी तो होताच. तेव्हा त्यांना सगळं कळलं. हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. धान्याचं पोतं जड भरावं म्हणून लोक त्यावर रात्रभर ओलं गोणपाट टाकून ठेवतात. काटा अशा वेळी खोटं बोलत नाही. त्याच्यावर जे ठेवलं तेवढंच तो सांगतो. किती नवख्या खरेदीदारांना काटेवाल्यांनी आपण होऊन सांगितलं होतं, “आकड्यावर जाऊ नका, पोत्यात हात घालून बघा.” आणि स्वतःच्या पायांवरचे मोज्यांचे वळ ते तीन आठवडे कौतुकानं बघत बसले होते.

“पाणी?” त्यांनी विचारलं.

“हो काका. अंगात पाणी धरलंय. पोटातही आहे.”

“किती किलो?”

“असं नेमकं नाही सांगता येत.”

“अंदाजे सांगा. मी धरून चालतो.”

“पाच असेल. सहाही असेल.”

काटेवाल्यांनी पन्नासातून सहा वजा केले. चव्वेचाळीस. पहिल्या दिवशी ज्या खाचेवरून निघाले होते तीच खाच. आठ महिन्यांचा भात, बटाटा, केळी, अंडी, चाळणीतून दोनदा गाळलेलं सगळं कुठं गेलं, त्याचा कुठंच पत्ता नव्हता.

“म्हणजे ऑपरेशन...” बायको म्हणाली.

“काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मी काकूंना औषधं समजावून सांगते.”

औषधं आतापर्यंत नेहमी दोघांनाही समजावली होती. काटेवाले उठले, शर्टाची बटणं लावली आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. समोर तेच वजनाचं यंत्र होतं. एक जाडा माणूस त्यावर चढला, आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि उतरला. काटेवाल्यांना त्याचा फार हेवा वाटला.

पंधरा-वीस मिनिटांनी बायको बाहेर आली. चेहरा धुतलेला होता; कानापाशी केस ओले होते.

“गोळ्या बदलल्यात,” ती म्हणाली. “पाणी उतरेल म्हणाल्या.”

“आणि पथ्य?”

“बघू म्हणाल्या.”

ती पिशवीत कागद कोंबत होती, वर बघत नव्हती. ज्या बाईनं आठ महिने पथ्याच्या बाबतीत डॉक्टरांनाही उलटे प्रश्न विचारून भंडावून सोडलं, ती ‘बघू’ म्हणते यातच काय ते आलं. पण काटेवाल्यांनी पुढं विचारलं नाही. घरी पोचेपर्यंत दोघं भाजी ताजी आहे की नाही, रिक्षावाला लांबून नेतोय की काय, असलं काहीबाही बोलत राहिले.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात दिवा लावायला गेली आणि आतून धाडकन आवाज आला. काटेवाले उठून गेले तर ती काट्यासमोर उभी होती, आणि दांडी जोरजोरात हेलकावत होती. तिनं पत्र्याला लाथ मारली होती.

“खोटा आहे मेला!” ती ओरडली. “इतके दिवस मला नाचवलं यानं! रोज सकाळी उठून याच्या तोंडाकडे बघत होते मी!”

“पायाला लागलं का?”

“तुमचा काटाच खोटा आहे!”

तिच्या पायाला लागलं नव्हतं. काटेवाल्यांनी खात्री करून घेतली. मग पलंगाखालची पेटी आणि कोपऱ्यातली मोठी लोखंडी वजनं त्यांनी तिला दाखवली आणि म्हणाले, “आण. तपासू.”

पूर्वी वीस किलोंचं वजन ते बोलता बोलता एका हातानं उचलून ठेवत. आज तिनंच ती वजनं उचलली, एकेक, दोन्ही हातांनी, गुडघ्यानं आधार देत. ते स्टुलावर बसून सांगत होते. आधी रिकामा काटा, मग पाच किलो चारी कोपऱ्यांवर आळीपाळीनं. मग दहा. मग वीस, वीस आणि दहा. तिनं शेवटचं वजन ठेवलं आणि बाजूला झाली. काटेवाल्यांनी सरकतं वजन पन्नासच्या खाचेत बसवलं आणि हात काढला.

दांडी डोलत होती. त्या मिनिटभरात काटेवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मनोमन मागितलं की काटा चुकलेला निघू दे. आपला हात, आपला डोळा, आपली तीस वर्षं चुकलेली निघू देत, कुठंतरी एखादा स्क्रू सैल असू दे, वाटेल तेवढी नाचक्की होऊ दे.

दांडी मधोमध येऊन थांबली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “त्याला बोलू नकोस. त्याची चूक नाही.”

ती जमिनीवर वजनांच्या शेजारी बसली आणि बराच वेळ उठली नाही. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून स्टुलावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटेवाले कांद्याच्या वासानं जागे झाले.

आधी त्यांना वाटलं शेजारचा असेल. मग तापलेल्या तेलात काहीतरी पडल्याचा चर्र आवाज आला तो आपल्याच घरातून. आठ महिने ऐकला नव्हता. तोंडाला पाणी सुटलं, अंग कसं ताजंतवानं झालं, क्षणभर ते नुसतेच खूश होऊन पडून राहिले. आणि मग त्यांना तिचं कालचं ‘बघू’ आठवलं.

स्वयंपाकघरात टेबलावर ताट मांडलेलं होतं. दोन तळलेली अंडी, कडा तपकिरी, कुरकुरीत. लाल कांदा. कडक भाजलेला पाव. मिरपुडीची डबी वरच्या फळीवरून खाली आली होती.

“बसा,” बायको म्हणाली. तिनं उसनं अवसान आणून हसू चेहऱ्यावर ठेवलं होतं. “गरम आहे तोवर खा. काल सांगायचं राहिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता पथ्य नको. मन मारू नका म्हणाल्या, यांना हवं ते खाऊ द्या.”

‘हवं ते खाऊ द्या.’ हे वाक्य काटेवाल्यांनी याआधी एकदा ऐकलं होतं. त्यांच्या वडिलांच्या वेळी डॉक्टर दारात उभे राहून असंच म्हणाले होते, आणि घरातल्या सगळ्यांनी धावपळ करून वडिलांना हवं ते करून घातलं होतं. तेव्हा नवीन लग्न झालेली ही सून चुलीपाशी होती. म्हणजे या वाक्याचा अर्थ तिलाही माहीत होता, आणि तो आपल्याला माहीत आहे हेही तिला माहीत होतं. काल रात्रभर तिनं दुसरं कुठलं वाक्य सापडतंय का ते बघितलं असणार. सापडलं नसणार.

ते खुर्चीवर बसले. ताटातून वाफ येत होती. त्यांना ते खावंसं वाटत होतं, फार वाटत होतं; हात पावापर्यंत गेलासुद्धा. पण हे ताट ओढलं की वही मिटली. मग उद्या सकाळी ती कशासाठी उठणार, काय कुस्करणार, काय लिहिणार? त्यांनी हात मागं घेतला.

“आज कितवा दिवस?”

“कसला?”

“सफरचंदाचा.”

“अहो, आता कशाला...”

“कितवा?”

“तिसरा.”

“मग? दोन दिवसांवर निकाल देतात का कुठं? अर्धवट काम मला चालत नाही, तुला माहितेय.”

ती काही म्हणणार होती, पण तिनं पाठ फिरवली. टोपलीतलं एक सफरचंद घेतलं. साल काढायला लागली. एरवी तिची साल एकसंध, लांबच लांब निघे. आज तुकडे पडत होते. फोडी पातेल्यात पडल्या, पाणी उकळायला लागलं. तिची पाठ हलत होती आणि काटेवाले तिकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते.

“ते ताट तू घे,” ते म्हणाले. “गार होईल.”

“मला नको.”

“आठ महिने झाले. घे.”

“तुमच्यासमोर?”

“माझ्यासमोरच. मला बघायचंय.”

तिनं कुस्करलेल्या सफरचंदाची वाटी त्यांच्यापुढं ठेवली, समोर बसली आणि ताट आपल्याकडं ओढलं. पावाचा तुकडा मोडल्याचा कुरकुर आवाज झाला. तिनं तो पिवळ्यात बुडवला, वर कांदा घेतला आणि तोंडात घातला. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती ते पुसत नव्हती, नुसती चावत होती.

“कसं झालंय?”

“मिरपूड जास्त झालीये.”

“तुझी नेहमीच जास्त होते.”

ती हुंदका देता देता हसली, आणि तिला खरोखरच शिंक आली. काटेवाले वाटीतलं खात होते. एक चमचा, दोन, तीन. सफरचंदाला कसलीच चव नव्हती, पण समोरून कांद्याचा वास येत होता आणि तेवढ्यावर भागत होतं. चौथ्या चमच्यालाच कळ आली, आणि ती रोजच्यासारखी गेली नाही; बरगडीखालून पाठीपर्यंत पसरत राहिली. त्यांनी पाचवा चमचा खाल्ला. सहावा खाल्ला. वाटी रिकामी केली.

मग त्यांनीच हात लांब करून वही तिच्यापुढं सरकवली.

“लिही.”

तिनं बोटं पुसली, सुतळीची पेन्सिल धरली. “काय लिहू?”

“सफरचंद. तिसरा दिवस. त्रास नाही.”

तिनं मान वर केली. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते, आणि डावा हात टेबलाखाली गेलेला होता. किराणावाल्याच्या पन्नास ग्रॅमना नाही म्हणणाऱ्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा खोटा आकडा सांगितला होता, आणि तिच्याकडे इतक्या आर्जवानं बघत होता की तिला नाही म्हणवेना.

तिनं लिहिलं. त्रास नाही. पुढं बरोबरची खूण केली, पेन्सिल दाबून, ठळक.

“मग उद्यापासून बारावी,” काटेवाले म्हणाले. “काय आहे बारावी?”

ती उठून फ्रिजपाशी गेली आणि कागदाच्या तळाशी वाकून वाचू लागली. वाचायला तिला बराच वेळ लागत होता. तोवर काटेवाल्यांनी टेबलाखाली दुसराही हात नेला आणि पोट घट्ट धरून ती वळायची वाट बघत बसले.